कुत्रा चावला तर: मालकाची कायदेशीर जबाबदारी आणि विमा

पाळीव कुत्र्याने कोणाला चावा घेतला की मालकावर दोन बाजूंनी काम येतं. एक पोलीस ठाण्याचं, दुसरं भरपाईचं. विमा कंपनी फक्त दुसऱ्या कामात तुमच्या मागे उभी राहते, तीही पॉलिसीच्या अटी पाळल्या असतील तरच. कैद कोणी वाटून घेत नाही आणि न्यायालयाने ठोठावलेला दंड कुठलीही पॉलिसी भरत नाही. म्हणून 'विमा काढलाय, आता बघू' या भरवशावर राहू नये. गंमत अशी, की पोलीस, न्यायालय आणि विमा कंपनी हे तिघेही शेवटी तेच विचारतात: लस कधी दिली, परवाना आहे का, पट्टा कोणाच्या हातात होता, याआधी कधी चावला होता का. ही उत्तरं कागदावर असतील तर दोन्ही कामं सोपी होतात.

फौजदारी बाजू

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. कुत्र्याच्या मालकाला लागू पडणारं मुख्य कलम २९१, म्हणजे जुन्या दंड संहितेचं २८९. ताब्यातल्या प्राण्यामुळे माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होण्याचा संभव असताना, जाणूनबुजून किंवा हयगयीने पुरेशी खबरदारी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पूर्वी हा दंड १,००० रुपये होता. गुन्हा दखलपात्र आहे, त्यामुळे पोलीस थेट एफआयआर नोंदवू शकतात. पण जामीनपात्रही आहे.

हे कलम मालकी विचारत नाही, ताबा विचारतं. कुत्रा तुमच्या नावावर असला तरी सकाळी फिरवायला ड्रायव्हर किंवा पगारी 'डॉग वॉकर' नेत असेल, तर त्या घटकेला पट्टा ज्याच्या हातात, त्याचं नाव एफआयआरमध्ये येऊ शकतं. भरपाई मात्र बहुधा तुमच्याकडेच मागितली जाते, कारण तो तुमच्या सांगण्यावरून काम करत होता. बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या हाती ३५ किलोचा लॅब्रेडॉर देणं हेही हयगयीतच मोडू शकतं.

सोबत बहुतेक वेळा कलम १२५ लागतं. निष्काळजी कृतीने साधी दुखापत झाली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, गंभीर दुखापत झाली तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गंभीर दुखापत कशाला म्हणायचं हे कलम ११६ ठरवतं. त्यात हाड किंवा दात मोडणं, डोकं किंवा चेहरा कायमचा विद्रूप होणं, आणि पंधरा दिवस तीव्र वेदना होणं किंवा नेहमीचे व्यवहार करता न येणं हे सगळं येतं. जुन्या कायद्यात हीच मुदत वीस दिवसांची होती. कुत्रा अंगावर आला म्हणून घाबरून जिन्यावरून पडलेल्या आजींचं मनगट मोडलं, तर एकही दात न लागता हे प्रकरण गंभीर दुखापतीचं होतं. लहान मुलाच्या गालावरचा व्रण कायम राहिला तरी तेच. मृत्यू झाला तर कलम १०६(१), पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

'कुत्र्यावरून कोण तुरुंगात जातं' असं म्हणणाऱ्यांसाठी मुंबईतली दोन उदाहरणं. २०१० मध्ये नेपियन सी रोडवर दोन नातेवाईक मालमत्तेवरून भांडत असताना गाडीचं दार उघडलं गेलं आणि आतल्या रॉटवायलरने वृद्ध गृहस्थाला चावे घेतले. गिरगावच्या दंडाधिकारी न्यायालयाने २०२३ मध्ये मालकाला तीन महिन्यांची कैद सुनावली. वरळीत २०१८ मध्ये, थोडं थांबा असं शेजाऱ्याने सांगूनही कुत्र्याला लिफ्टमध्ये नेलं आणि तो चावला. त्या मालकाला २०२५ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली. दोन्ही ठिकाणी कुत्रा आवरणं मालकाच्या हातात असलेला एक क्षण होता आणि खटला त्या क्षणाभोवतीच फिरला. एकात निकालाला तेरा वर्षं लागली, दुसऱ्यात सात, तेव्हा कागद जपून ठेवायची तयारी तेवढी हवी.

मुदतीचा नियम असा, की एक वर्षापर्यंत कैदेच्या गुन्ह्यात न्यायालयाने दखल घेण्याची मुदत एक वर्ष, तीन वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात तीन वर्षं. 'महिना झाला, काही झालं नाही' म्हणून फाइल फेकून देऊ नये.

तडजोडीत एक मेख आहे. दुखापतीचं कलम जखमी व्यक्ती न्यायालयाच्या परवानगीने मागे घेऊ शकते, कलम २९१ तसं मागे घेता येत नाही. एफआयआर झाल्यावर दोन्ही बाजूंची मनं जुळली, तरी प्रकरण पूर्ण संपवायला उच्च न्यायालयात रद्द करण्याचा अर्ज करावा लागतो. वकिलाचा हा खर्च बहुतेक मालकांच्या हिशेबात नसतो. म्हणून जे काही बोलायचं, मदत करायची, ती पहिल्या दोन-तीन दिवसांत, एफआयआर होण्याआधी.

भरपाईची बाजू

कुत्रा चावल्याच्या भरपाईसाठी देशभर लागू होणारा वेगळा कायदा नाही. निष्काळजीपणाने झालेल्या नुकसानीचा सर्वसाधारण नियम लागतो आणि त्याखाली दिवाणी दावा करता येतो. मागणीत औषधोपचार आणि लशींचा खर्च, बुडालेली मजुरी किंवा पगार, पुढची प्लास्टिक सर्जरी, व्रण आणि वेदनांबद्दलची रक्कम असते. दाव्याची मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षं. जखमी मूल अल्पवयीन असेल, तर ही तीन वर्षं ते सज्ञान झाल्यावर सुरू होतात. याशिवाय फौजदारी न्यायालयही निकाल देताना जखमीला भरपाई द्यायला सांगू शकतं.

रकमेचं ठरलेलं कोष्टक नाही. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दाताच्या प्रत्येक खुणेला किमान १०,००० रुपये, आणि मांस निघालं असल्यास ०.२ सेंटिमीटर जखमेमागे किमान २०,००० रुपये असा हिशेब घालून दिला. तो रस्त्यावरच्या जनावरांबाबत सरकारने द्यायच्या भरपाईचा आहे आणि महाराष्ट्रातल्या खाजगी दाव्याला बांधील नाही. तरी समोरच्या वकिलाच्या नोटिशीत हे आकडे दिसले तर दचकू नका. मागणी म्हणजे निकाल नव्हे.

तुमच्या कुत्र्याने दुसऱ्याच्या कुत्र्याला फाडलं, तर तेही मालमत्तेचं नुकसान धरलं जातं आणि व्हेटचं (पशुवैद्याचं) बिल तुमच्याकडे येतं. सुटलेला कुत्रा दुचाकीसमोर आला आणि चालक पडला, तर चावा नसतानाही जबाबदारी येते. पॉलिसी निवडताना हे दोन प्रसंग डोळ्यांसमोर ठेवा. स्वस्त कव्हरमध्ये बऱ्याचदा नेमके हेच नसतात.

जातींवरच्या बंदीबद्दल अजूनही गोंधळ आहे. केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने १२ मार्च २०२४ ला पिटबुल, रॉटवायलर वगैरे २३ जातींबद्दल परिपत्रक काढलं होतं. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते एप्रिल २०२४ मध्ये रद्द केलं. गोव्यात मात्र २०२५ मध्ये विधानसभेने हिंस्र जातींवर बंदी घालण्याचा अधिकार सरकारला देणारं विधेयक मंजूर केलं, त्यामुळे तिथे अशी जात पाळायच्या किंवा तिथे हलवायच्या आधी पशुसंवर्धन खात्यात विचारून घ्या. बंदी नसली तरी जातीचा प्रश्न न्यायालयात उठतोच. ताकदवान, राखणीच्या जातीचा मालक धोका ओळखून असायला हवा, असं धरलं जातं.

घटनेआधी फाइल तयार ठेवा

रेबीजची पहिली लस पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर, मग व्हेटने सांगितलेला बूस्टर, आणि पुढे दरवर्षी. लसीकरणाच्या पुस्तिकेत लशीच्या बाटलीवरचं स्टिकर (त्यावर बॅच क्रमांक आणि मुदत असते), तारीख, व्हेटची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक हवा. नुसतं 'एआरव्ही (रेबीजची लस) दिली' असं पेनने लिहिलेलं पान विमा कंपनी सहज नाकारते. लशीची तारीख चार दिवसांनी उलटलेली असताना चावा झाला, तर पुढे सगळीकडे तेच चार दिवस उगाळले जातात. फोनमध्ये महिनाभर आधीची आठवण लावून ठेवा.

परवाना महापालिकेचा किंवा नगरपालिकेचा. मुंबईत तो महापालिकेचा पशुवैद्यकीय आरोग्य विभाग देतो, इतर शहरांत आरोग्य किंवा पशुवैद्यकीय विभागात चौकशी करावी. बहुतेक ठिकाणी ऑनलाइन अर्ज होतो. सोबत रेबीज लशीचा दाखला, मालकाचं ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि कुत्र्याचा फोटो लागतो. शुल्क नाममात्र असतं आणि परवाना दरवर्षी नवा करावा लागतो. प्राणी जन्मनियंत्रण नियम, २०२३ यांतही पाळीव कुत्र्याचं लसीकरण आणि नसबंदी ही मालकाचीच जबाबदारी सांगितली आहे. परवाना नाही म्हणून मालक आपोआप दोषी ठरत नाही, पण 'हा माणूस नियम पाळत नाही' ही पहिली छाप तिथेच पडते.

कुत्र्याच्या कातडीखाली मायक्रोचिप बसवून घ्या, १५ अंकी क्रमांकाची. कुत्र्याची ओळख पटवायला याहून भक्कम पुरावा नाही, आणि काही कंपन्या चिप असल्यास हप्त्यात सूट देतात. चिप नसेल तर समोरून, दोन्ही बाजूंनी आणि अंगावरच्या खुणांचे फोटो तारखेसह ठेवा. रस्त्यावरचं पिल्लू घरी आणलं असेल तर ते ज्या दिवशी आणलं, त्या दिवसापासून ते तुमचं. 'मी फक्त खायला घालतो' हा बचाव गळ्यात पट्टा बांधून अंगणात ठेवलेल्या कुत्र्याला लागू पडत नाही.

सोसायटीबद्दल थोडक्यात: भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटी कुत्रा पाळायला बंदी घालू शकत नाही, लिफ्ट नाकारू शकत नाही आणि तोंडजाळीची सक्तीही करू शकत नाही. त्याच सूचना सार्वजनिक जागी पट्टा बांधायला आणि घाण उचलायला सांगतात. सेक्रेटरीशी वाद झाला तर तो तोंडी घालू नका. परवाना आणि लशीच्या दाखल्याची प्रत पत्रासोबत द्या आणि पोच घ्या. पुढे एखाद्या दाव्यात सोसायटीच्या दप्तरातलं हे पत्र तुमच्या कामी येतं.

पट्टा, लिफ्ट, फाटक

पट्टा चार ते सहा फुटांचा, एकसंध. बटण दाबून लांब होणारा दोरीचा पट्टा गर्दीत वापरू नका. पंधरा फुटांवरचा कुत्रा तुमच्या ताब्यात आहे असं कोणी मानणार नाही, आणि हिसक्याने त्याचं लॉक सुटतंही. गळपट्टा आणि मान यांच्यामध्ये दोन बोटं जावीत. तीन-चार बोटं जात असतील तर घाबरलेला कुत्रा मागे सरकून डोकं काढून घेतो. दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाला बहुतेक कुत्रे असेच निसटतात. त्या दिवसांत गळपट्ट्यासोबत हार्नेसही (छातीभोवती बांधायचा पट्टा) घाला आणि पट्टा दोन्हींत अडकवा. कडीची स्प्रिंग दर महिन्याला तपासा, मुंबई-कोकणाच्या हवेत ती गंजते.

लिफ्टमध्ये आधी कोणी असेल तर विचारा, नको म्हणाले तर पुढच्या फेरीला जा. आत गेल्यावर कुत्रा कोपऱ्यात, तुम्ही त्याच्या आणि माणसांच्या मध्ये, पट्टा आखूड धरलेला. दार उघडताना बाहेरच्या मजल्यावर लहान मूल उभं असू शकतं, म्हणून आधी तुम्ही बाहेर पाऊल टाका.

बंगल्याला किंवा फार्महाउसला बेल, पत्रपेटी आणि वीजमीटर फाटकाबाहेर हवेत. कुरिअरवाला, गॅसवाला, मीटर रीडर आत यायलाच लागू नयेत. 'कुत्र्यापासून सावध राहा' ही पाटी लावाच, पण ती लावली म्हणजे सुटलो असं नाही. धोका तुम्हाला माहीत होता याचा तो पुरावाही ठरतो. पाटीसोबत कडी, कुलूप आणि फाटकाखाली तोंड बाहेर न येईल एवढीच फट असायला हवी.

आधी एकदा चावलेल्या कुत्र्याला बाहेर नेताना तोंडजाळी घाला. ती टोपलीच्या आकाराची हवी, आत तोंड उघडून धापता आणि पाणी पिता यायला हवं. कापडी पट्ट्यांनी तोंड आवळणारी जाळी व्हेटकडे पाच मिनिटांपुरती ठीक. उन्हाळ्यात ती घालून फिरवलं तर कुत्र्याला उष्माघात होतो.

विमा घेताना

कुत्र्यांसाठी पॉलिसी न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स, बजाज, फ्युचर जनराली (आता नाव बदललं आहे), एचडीएफसी अर्गो अशा कंपन्यांनी आणल्या आहेत. जाहिरातीत भर असतो तो कुत्र्याचं आजारपण, शस्त्रक्रिया, मृत्यू आणि चोरी यांवर. तुम्हाला हवा आहे तो भाग थर्ड पार्टी लायबिलिटीचा, म्हणजे कुत्र्यामुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देण्याचा. तो बऱ्याचदा मूळ पॉलिसीत नसतो, वेगळा निवडून जास्तीचा हप्ता भरावा लागतो. शेड्यूलच्या पानावर (जिथे तुमच्या पॉलिसीतली कव्हर आणि रकमा छापलेल्या असतात) 'थर्ड पार्टी' समोर रुपयांत आकडा छापलेला नसेल, तर ते कव्हर तुमच्याकडे नाही. एजंट तोंडी काहीही सांगो.

आधी घराची पॉलिसी काढून वाचा. १ एप्रिल २०२१ पासूनची 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी इमारत आणि सामानापुरती आहे, त्यात कुत्र्याच्या चाव्याची जबाबदारी येत नाही. काही जुन्या धाटणीच्या हाउसहोल्डर पॅकेज पॉलिसींत मात्र सार्वजनिक दायित्वाचा वेगळा विभाग असतो, आणि घरकामगारांच्या भरपाईचाही. त्यात पाळीव प्राणी वगळलेत का हे कंपनीकडून ईमेलवर लिहून घ्या. एखादा एजंट 'पब्लिक लायबिलिटी अ‍ॅक्टची पॉलिसी घ्या' म्हणाला, तर त्याला नमस्कार करा. १९९१ चा तो कायदा घातक रसायनं हाताळणाऱ्या कारखान्यांसाठी आहे.

पॉलिसीच्या मजकुरात पुढच्या गोष्टी शोधा.

रक्कम एका घटनेची की वर्षभराची? दोन माणसांना एकाच वेळी चावला तर ती एक घटना की दोन? प्रत्येक दाव्यात स्वतःच्या खिशातून किती भरायचं? वकिलाचा खर्च या रकमेच्या आत की वर? आत असेल तर २ लाखांच्या कव्हरमधले पन्नास-साठ हजार बचावातच जाऊ शकतात. मोठ्या जातीचा कुत्रा आणि मुलांचा राबता असलेली सोसायटी असेल, तर ५ लाखांखालचं कव्हर घेण्यात आम्हाला फारसा अर्थ दिसत नाही. चेहऱ्यावरच्या दोन-तीन शस्त्रक्रियांतच मोठी रक्कम जाऊ शकते.

शारीरिक इजेसोबत मालमत्तेचं नुकसान धरलंय का? दुसऱ्याचा कुत्रा, पडलेली दुचाकी, फाटलेली गादी या सगळ्यांचं उत्तर इथे आहे.

कोण वगळलंय? घरातली माणसं वगळलेली असतातच. नोकरही बहुतेक पॉलिसींत वगळलेले असतात. घरी दहा तास राबणाऱ्या कामवाल्या ताईंना कुत्रा चावण्याची शक्यता पाहुण्यांपेक्षा किती तरी जास्त, आणि पॉलिसी त्यांनाच धरत नाही. त्यांच्यासाठी हाउसहोल्डर पॉलिसीतला कामगार-भरपाईचा विभाग किंवा वेगळी पॉलिसी पाहा. तेही नसेल तर तो खर्च आपला आहे हे मनाशी धरून चला.

कुत्रा दुसऱ्याच्या ताब्यात असताना काय? डॉग वॉकर, बोर्डिंग (कुत्र्यांना काही दिवस ठेवून घेणारे), ग्रूमर (आंघोळ घालणारे, केस कापणारे) यांच्याकडे असताना कव्हर थांबतं का, ते विचारा. बोर्डिंगवाले सही घेतात त्या कागदावर 'सर्व जबाबदारी मालकाची' अशी ओळ असते. ती खोडून घ्या, किंवा त्यांचा स्वतःचा विमा आहे का ते पाहा.

पैदास, राखणीसाठी भाड्याने देणं, शो किंवा शूटिंग असे वापर सहसा बाहेर असतात.

प्रस्ताव अर्जात खरं लिहा. जात, वय, वजन, आणि विशेषतः आधी कोणाला चावलाय का. 'लॅब्रेडॉर' लिहिलं आणि कुत्रा संकर निघाला, किंवा दोन वर्षांपूर्वीचा चावा लपवला आणि शेजाऱ्याने तो जबाबात सांगितला, की कंपनीला दावा फेटाळायला आयतं कारण मिळतं. गावठी कुत्रा असेल तर अर्जात तसंच लिहा. देशी जाती चालतात का हे आधीच विचारा, सगळ्या कंपन्यांचं धोरण सारखं नाही. वयाची अटही पाहा. बहुतेक पॉलिसी काही आठवड्यांच्या किंवा महिन्यांच्या वयापासून सुरू होतात आणि उतारवयात नव्याने मिळत नाहीत, मोठ्या जातींना तर अजून लवकर दार बंद होतं. म्हणून नूतनीकरणात एक दिवसाचाही खंड पडू देऊ नका.

चावा झाला: पहिला दिवस

कुत्रा आधी खोलीत किंवा गाडीत बंद करा. मग जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट, तेल काहीही लावू नका, घट्ट पट्टी बांधू नका. रेबीज टाळण्यात या धुण्याचा वाटा मोठा असतो आणि नेमकं हेच घाईत दोन मिनिटांत उरकलं जातं.

स्वतः दवाखान्यात घेऊन जा. सरकारी रुग्णालयात रेबीजची लस मोफत मिळते. कातडीत द्यायची लस शून्य, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. स्नायूत द्यायची असेल तर शून्य, ३, ७, १४ आणि २८ या दिवशी. रक्त आलं असेल तर ती तिसऱ्या श्रेणीची जखम, आणि तिथे लशीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडं) टोचावं लागतं. ते छोट्या दवाखान्यात नसतं, म्हणून थेट मोठं रुग्णालय गाठा. धनुर्वाताचं इंजेक्शन वेगळं. 'आमच्या कुत्र्याला लस दिलीय, तुम्हाला नको' असं चुकूनही म्हणू नका. लस घ्यायची की नाही हे डॉक्टर ठरवतील, आणि तुमचं हे वाक्य नंतर जबाबात येईल.

रुग्णालय याची नोंद मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायचं प्रकरण, म्हणून करू शकतं. त्यात गैर काही नाही, अडवू नका.

कुत्रा दहा दिवस घरातच, नजरेखाली. पहिल्या आणि दहाव्या दिवशी व्हेटकडून तपासून लेखी दाखला घ्या. दहाव्या दिवशी कुत्रा धडधाकट असल्याचा कागद जखमीच्या डॉक्टरांना नेऊन दिलात, तर त्यांचाही जीव भांड्यात पडतो. घाबरून कुत्रा दूर कुठे सोडून येणारे लोक आहेत. तो प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० खाली वेगळा गुन्हा होतो, शिवाय निरीक्षण करायला कुत्राच उरत नाही आणि 'पुरावा नाहीसा केला' असा आरोप येतो.

विमा कंपनीला त्याच दिवशी ईमेल करा: घटनेची तारीख, वेळ, जागा, पट्टा कोणाकडे होता, कोणाला कुठे लागलं, साक्षीदार कोण. फोन केलात तरी ईमेल हवाच, आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. समोरच्याने अजून काही मागितलं नसलं तरी कळवा. दावे फेटाळले जाण्याचं एक नेहमीचं कारण उशीर हे असतं. सोसायटीच्या सीसीटीव्हीचं चित्रीकरण काही दिवसांत पुसलं जातं, म्हणून सेक्रेटरीला त्याच दिवशी जपून ठेवायचं लेखी पत्र द्या, ते तुमच्या विरोधात दिसत असलं तरी. नंतर 'गायब' झालेलं चित्रीकरण जास्त महागात पडतं.

आता अडचणीचा भाग. माणुसकी सांगते, खर्च आपण द्यावा. पॉलिसी सांगते, कंपनीच्या लेखी संमतीशिवाय जबाबदारी मान्य करू नका आणि कसलीही रक्कम कबूल करू नका. दोन्ही सांभाळता येतात. औषधं, लशी, रिक्षा यांचे पैसे द्या, पण बिलाच्या प्रतीवर 'तातडीची मदत म्हणून, कोणतीही कायदेशीर जबाबदारी मान्य न करता' असं लिहून दोघांच्या सह्या घ्या आणि ती प्रत कंपनीला पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर 'चूक आमचीच, सगळं भरून देतो' असं लिहू नका. तब्येतीची विचारपूस मात्र रोज करा. 'साधं बघायलाही आले नाहीत' या रागातूनच अनेक एफआयआर होतात.

पोलीस आणि नोटीस

एफआयआर झाली तर सहसा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ३५(३) खाली हजर राहण्याची नोटीस येते. ती घ्या आणि ठरल्या वेळी जा. नोटीस चुकवली तर अटकेची वेळ येऊ शकते. सोबत लस, परवाना, चिप, व्हेटचे दोन्ही दाखले आणि उपचाराच्या बिलांच्या प्रती न्या, मूळ कागद घरी ठेवा, दिलेल्या प्रतींची पोच घ्या. जबाबावर सही करण्याआधी तो पूर्ण वाचा. 'कुत्रा मोकळा होता' आणि 'पट्टा हातातून सुटला' यांत खटल्याच्या दृष्टीने मोठा फरक आहे, आणि घाईत लिहिताना दुसऱ्याचं पहिलं होऊन जातं.

वकिलाची नोटीस आली तर स्वतः उत्तर देऊ नका, रागाने तर नाहीच. ती त्याच दिवशी विमा कंपनीला पाठवा आणि बचाव कंपनी करणार की तुम्ही वकील नेमायचा, हे लेखी विचारा. कंपनीच्या संमतीविना नेमलेल्या वकिलाची फी नंतर मिळत नाही.

तडजोड झाली तर ती स्टॅम्प पेपरवर करा. रक्कम, ती कशाकशापोटी, पुढे मागणी नाही, आणि पैसे बँकेतून दिल्याचा क्रमांक, एवढं त्यात हवं. रोख देऊ नका. दिवाणी दावा चालू असेल तर लोक अदालतीत मिटवणं बरं, त्याला न्यायालयाच्या हुकमाचं वजन येतं. जखमी मूल अल्पवयीन असेल आणि दावा चालू असेल, तर पालकांची सही पुरत नाही, तडजोडीला न्यायालयाची परवानगी लागते. ती न घेता केलेली तडजोड मूल पुढे मोडू शकतं.

कंपनीने दावा नाकारला तर

नकार लेखी मागा, पॉलिसीच्या नेमक्या कलमासह. 'अटींनुसार देय नाही' एवढ्या ओळीवर गप्प बसू नका. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. अर्जाला फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं चालतात आणि निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज करायचा. विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ वर तक्रार नोंदवता येते. लोकपालाकडे जायचं नसेल तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, तिथे मुदत दोन वर्षांची. शेजाऱ्याच्या कुत्र्याने चावलं म्हणून शेजाऱ्याविरुद्ध मात्र ग्राहक आयोगात जाता येत नाही, कारण तिथे सेवा विकत घेतलेली नसते. बोर्डिंग किंवा ग्रूमरविरुद्ध जाता येतं.

नकाराच्या पत्रात लस किंवा परवान्याचा मुद्दा असेल, तर त्या पॉलिसीत ती अट खरोखर लिहिली आहे का ते आधी पाहा. पुष्कळदा ती प्रस्ताव अर्जातल्या एका प्रश्नापुरती असते, पॉलिसीच्या अटींत नसते, आणि लोकपालापुढे हा फरक टिकतो. त्यासाठी भरलेल्या प्रस्ताव अर्जाची प्रत तुमच्याकडे हवी. ती पॉलिसी घेतानाच मागून घ्या. दावा नाकारल्यावर ती काढून द्यायला कंपनी महिनोन्‌महिने लावते.